नाहूरला फास्ट थांबत नाही

हे लिहायला घेण्याआधी मी लेकाची परवानगी काढली. तो आता सहावीत आहे. ‘माझं नाव टाकायचं नाही,’ एवढीच त्याची अट. ‘आणि नाहूरचं?’ मी विचारलं. ‘ते टाक की. ते स्टेशनचंच नाव आहे.’

परवानगी वगैरे काढणारी आई मी अलीकडेच झाले. गोष्ट त्याआधीची आहे.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मिठागर रोडच्या बाजूला. मी एका बँकेच्या फोर्टातल्या ऑफिसात, म्हणजे रोज सकाळी मुलुंड ते सीएसएमटी आणि संध्याकाळी उलट. ज्यांनी हे केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. सव्वाआठची फास्ट चुकली की सगळा दिवस लंगडत चालतो. नवरा महिन्यातले पंधरा दिवस कामाच्या साइटवर, त्यामुळे घराची दोरी माझ्या हातात, आणि ती मी मनगटाला दोन वेढे देऊन धरलेली. फ्रिजवर चुंबकाखाली एक कागद असायचा. सहा पन्नासला उठणे, सातला दूध, सात दहाला संडास (हो, तेही), सात पंचवीसला अंघोळ. ऑफिसच्या प्रिंटरवर रंगीत काढलेला, दर महिन्याला सुधारित आवृत्ती. शेवटचा रकाना ‘शेरा’. साडेचार वर्षांच्या मुलाच्या नावापुढे मी शेरे मारत होते.

खडू कुठल्या क्रमाने डब्यात ठेवायचे हे मी ठरवायचे. चित्र रंगवताना आकाश वरून खाली रंगवायचं, म्हणजे हात माखत नाही, हेही. तो जन्मतः डावरा. चमचा, खडू, चेंडू, सगळं डाव्या हातात जायचं, आणि जेवताना मी प्रत्येक घासाला ‘उजवा’ म्हणायचे. वर्षभर म्हटलं असेन. मित्रसुद्धा मीच नेमून दिले होते. बी विंगमधला एक चालायचा, दुसरा नाही, कारण तो शिव्या द्यायचा. (तो दुसरा आता फार गुणी मुलगा निघालाय, ते असो.)

आणि घरात अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर परळची खोली भावाच्या हवाली करून आमच्याकडे आलेले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, पत्र्याची तिकीटपेटी आणि पंच होता तेव्हाचे. जन्मभर गर्दीला ‘पुढे चला, पुढे चला’ सांगून दमले म्हणून की काय, निवृत्तीनंतर आपण कुठेही पुढे जायचं नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. लोकल धरायची तर स्लोच. ‘बसायला मिळतं. आणि सगळी स्टेशनं लागतात.’ सगळी स्टेशनं लागणं हा गाडीचा गुण आहे, असं मानणारा दुसरा माणूस मला मुंबईत भेटलेला नाही.

एका शनिवारी ते नातवाला घेऊन परळला भावाकडे गेले आणि येताना अर्थातच स्लोने आले. रात्री जेवायला बसलो. मी पोळी वाढली.

‘नाहूरला पण दे.’

‘कोण नाहूर?’

‘तो आलाय आमच्याबरोबर.’

अण्णांना आमटीचा ठसका लागला. मग कळलं. गाडीत ती बाई सांगत होती, पुढील स्टेशन, नाहूर. आजोबा आणि नातू उतरायच्या तयारीने दाराकडे सरकले आणि तेवढ्यात म्हणे तो चढला. विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप सोडून त्याने नाहूरच का उचललं याचा मी पुष्कळ विचार केलाय. त्या रांगेत मुलाचं नाव वाटावं असं ते एकच आहे. शाळेत त्याच्या वर्गात एक कबीर होता, एक समीर होता. नाहूर का नसावा? आणि माझ्याबरोबरच्या प्रवासात हे नाव त्याच्या कानावर पडायचं कारणच नव्हतं. मी त्याला नेहमी फास्टने नेलं. फास्ट नाहूरला थांबत नाही.

पहिले काही दिवस मला मजा वाटली, ऑफिसात डबा खाताना सांगितलंही. नाहूरला केस नव्हते. तो चपला घालत नसे. दात घासत नसे, त्याचे दात आपोआप स्वच्छ व्हायचे. जेवायचा मात्र डाव्या हाताने, आणि हे लेक मला मुद्दाम सांगायचा, माझ्या तोंडाकडे बघत. अण्णांनी तर त्याला घरातलाच धरला. तिघं बागेत जायचे. निघताना अण्णा स्वयंपाकघरातला चिमटा उचलून टक टक वाजवत आणि हवेतलं तिकीट फाडत. एकदा विचारताना ऐकलं, ‘याचं वय काय? रेल्वेत पाचच्या खाली तिकीट नाही. पाच झाली की हाफ पडतं.’ फुकट्या प्रवाशांबद्दल कंडक्टरचं मन कधीच मऊ होत नाही. लेकाने बाजूला बघितलं, जरा सल्लामसलत केली. ‘पावणेपाच.’ जुलैत लेक पाच वर्षांचा झाला, त्याचं हाफ तिकीट सुरू झालं. नाहूर पावणेपाचच राहिला.

माझी मजा संपली ती भेंडीवरून. नाहूरला भेंडी आवडत नाही. मग नाहूर म्हणतो आज केस नको धुवायला. नाहूर म्हणतो शाळेत उशिरा गेलं तरी चालतं. हा नाहूर कोण मला सांगणार? सकाळी सात पंचवीसला न्हाणीच्या दारात उभं राहून, केस नसलेल्या, दिसत नसलेल्या पोराशी शाम्पूवरून वाद घालणारी बाई मी झाले होते, आणि हरत होते. दिसणाऱ्याला निदान दंडाला धरून आत नेता येतं.

मे महिन्यात बरणी फुटली.

चिनी मातीची, वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट. माझ्या आईची. परळहून येताना अण्णांनी मांडीवर धरून आणलेली. तीन दिवसांपूर्वीच घातलेलं कैरीचं लोणचं होतं तिच्यात, दादरा बांधून ओट्याच्या कडेला ठेवलेली. रोज ढवळायची म्हणून वर फडताळात टाकली नव्हती. ऑफिसातून आले, दार उघडलं आणि वास आला. स्वयंपाकघरात तेल पसरलेलं, पिवळं, हळूहळू फ्रिजच्या पायांकडे सरकणारं. मोहरीची डाळ फरशीच्या फटींत बसलेली. बरणीचा तोंडाकडचा भाग दादऱ्यासकट अख्खा, टोपी काढून ठेवल्यासारखा बाजूला. आणि मधे लेक, दोन्ही पावलं तेलात, हलला तर घसरेल म्हणून हात पसरून स्थिर उभा. अण्णा डुलकी काढत होते. तेही त्याच क्षणी दारात आले.

‘कोणी पाडली?’

‘नाहूरने.’

मी त्याला उचलून कोरड्या जागी ठेवला. इथवर ठीक होतं. मग म्हणाले, ‘म्हण, नाहूर नाही.’

तो फरशीकडे बघत राहिला.

‘म्हण. नाहूर असा कोणी नाही. मी पाडली.’

गप्प. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्याच्या पाठीत एक धपाटाही घातला. आधी कधी हात उचलला नव्हता, त्यामुळे त्याला रडायचं असतं हेही सुचलं नाही. ‘नाहूर नाही,’ तो म्हणाला. स्पष्ट म्हणाला, शाळेत कविता म्हणतात तसा. आणि मग मान वळवून फ्रिज आणि भिंतीच्या मधल्या फटीकडे बघितलं, तेलाचं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

गप्प राहा, असं तो कोणाला तरी सांगत होता.

अण्णा काही बोलले नाहीत. पिठाचा डबा काढून वाकून तेलावर पीठ भुरभुरत राहिले, ते तेल शोषून घेतं म्हणून. कणिक वाया जाते म्हणून मी त्यांच्यावरही ओरडले. रात्री लेक झोपल्यावर म्हणाले, ‘तुझं असं कोणी नव्हतं हो लहानपणी.’

‘बघा. म्हणजे असायलाच पाहिजे असं नाही.’

‘तुझ्या आईने राहू दिलं नसतं.’

मी म्हटलं, दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, आठवा ठेवणार कुठे? ते हसले. मीही हसले. पण मला झोप आली नाही, आणि त्याचं कारण बरणी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

मराठीत या बाबतीत एक मोठी सोय आहे. खोटं एकदा म्हटलं तर पाप. दोनदा म्हटलं की खेळ. भातुकलीत खोटा खोटा चहा असतो. रिकामा कप तोंडाला लावून फुर्र करायचं आणि ‘साखर कमी झाली’ असंही म्हणायचं, त्याला कोणी लबाडी म्हणत नाही. मी लहानपणी हे शेकडो वेळा केलंय. पण आई झाल्यावर तो दुसरा ‘खोटं’ मला ऐकू येईनासा झाला. एकच ऐकू येत होता, आणि तेवढ्यावर मी खटला चालवला.

त्या भाद्रपदात, पितृपक्षात, आमच्या गच्चीवर एक प्रसंग घडला. माझी आई अण्णांच्या आधी गेली, म्हणून तिचं पान अविधवा नवमीला. मी पहाटे उठून वडे, खीर, भोपळ्याची भाजी केली होती. अण्णांनी केळीच्या पानाच्या तुकड्यावर सगळं वाढलं, कठड्यावर ठेवलं आणि हात जोडून बोलायला लागले. मंत्र नाही, नुसतं बोलणं. ‘वडे जरा कमी फुगलेत. पण पोरीने चार वाजता उठून केलेत. गोड मानून घे. ऑफिसला जायचंय तिला, फार थांबवू नकोस.’

लेक माझं बोट धरून उभा. ‘आजोबा कोणाशी बोलतायत?’

‘आजीशी.’

‘आजी दिसते?’

‘नाही.’

त्याने थोडा वेळ कठड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘मग तू आजोबांना ओरडणार?’

कावळा आला, त्याने वडा उचलला आणि माझी सुटका झाली. उत्तर मात्र अजून द्यायचं राहिलंय. कारण आमच्या घरात न दिसणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. हाच मुलगा तान्हा असताना झोपेत हसायचा तेव्हा सटवाई हसवतेय, असं मीच कौतुकाने म्हणायचे, सुशिक्षित असून. ताप आला की औषध देऊन झाल्यावर मीठ-मोहरीने दृष्ट काढायचे, तीही कोणाची तरी लागलेलीच असणार. अण्णा रात्री त्याला नामदेवाची गोष्ट सांगायचे. छोटा नामा नैवेद्य घेऊन देवळात जातो, विठोबा जेवत नाही म्हणून रडतो, डोकं आपटायला निघतो, शेवटी देव जेवतो. रिकामं ताट घेऊन नामा घरी येतो आणि घरच्यांना काही ते पटत नाही. या गोष्टीत मी सातशे वर्षं नामदेवाच्या बाजूने आहे. रिकामं ताट घेऊन माझ्या घरात कोणी आलं की मात्र माझं एकच, कोणी खाल्लं, खरं सांग.

न दिसण्याला माझी हरकत नव्हतीच. हरकत एवढीच होती, की नाहूरला मी आणलं नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेतून निरोप आला. बाई हसत हसतच सांगत होत्या, पण सांगत होत्या: तुमचा मुलगा बाकावर अर्धी जागा सोडून बसतो आणि तिथे कोणी बसलं की शांतपणे उठून दुसरीकडे जातो. माझ्या पोटात गोळा आला. त्या रात्री इंटरनेटवर मी काय काय शोधलं ते सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यात ठाण्याच्या एका बालमानसतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. चार पानी टिपण करून नेलं, तारखेनिशी. त्यांनी ते घेतलं, न वाचता उलटं करून टेबलावर ठेवलं आणि लेकाला पाठकोऱ्या बाजूवर चित्र काढायला सांगितलं. त्याने डाव्या हाताने काढलं. मी ‘उजवा’ म्हणणार होते, त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, ‘नाहूर आत्ता इथे आहे का?’

लेकाने त्यांच्याकडे जरा काळजीने पाहिलं. बाईंना समजावून सांगायला हवं, असं. ‘काकू,’ तो हळूच म्हणाला, ‘तो खोटा खोटा आहे.’

मी खुर्चीत बसल्या जागी गार. सात महिने मी ज्या वाक्यासाठी जंग जंग पछाडलं, ते त्याने पाचव्या मिनिटाला एका परक्या बाईच्या हातात ठेवलं. त्यांनी विचारलं होतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मी ‘म्हण’ म्हणाले होते.

मग मी वाचत सुटले. बँकेतली माणसं कर्जदाराची माहिती काढतात तशी. अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात मार्जरी टेलर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी या न दिसणाऱ्या सवंगड्यांवर अनेक वर्षं काम केलंय. १९९९मध्ये त्यांचं यावर पुस्तक आलं. २००४मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांचा कधी ना कधी असा कोणी तरी होता. त्यात जिवंत समजून वागवलेली बाहुली-अस्वलंही धरलेली आहेत. म्हणजे न दिसणाराच नव्हे, पण तरी तीनातली दोन मुलं. आणि मुलांशी बोलताना त्या संशोधक मंडळींनाही माझ्यासारखाच अनुभव यायचा. मुलं मधेच थांबून त्यांना सांगायची, तुम्हाला माहितीय ना, हे खरं नाहीये. माझा लेक ठाण्यात जे बोलला ते ओरेगॉनमध्ये कधीचं बोलून झालं होतं.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं नाव बी.एड. केलेल्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. त्याच्या मुलीनेही, जॅकलीनने, असाच एक प्राणी तयार केला होता आणि पक्ष्यासाठीचा फ्रेंच शब्द मोडून त्याला नाव दिलं होतं. बाप वही घेऊन तिचं बोलणं टिपत बसायचा. मीही टिपत होतेच की, चार पानं. त्याने टिपलं त्यातून मानसशास्त्र झालं. माझ्या टिपणावर अखेर एक मोटारगाडी निघाली, जांभळी.

टेलरबाईंच्या एका अभ्यासातली गोष्ट मात्र मी वाचली आणि तिथून चक्क पुढे सरकले. तिच्याकडे तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं. हे खोटे खोटे मित्र मुलांच्या मुठीत असतील असं आपल्याला वाटतं, त्यांनीच तर बनवलेले. पण मुलांच्या तक्रारी वेगळ्याच. तो ऐकत नाही. खेळायला बोलावलं की येत नाही. वस्तू देत नाही, आपलंच खरं करतो. स्वतः घडवलेला मित्रही स्वतःच्या मनाने वागतो, आणि वागलाच पाहिजे, नाही तर तो मित्र कसला?

मी यातून घेतलं ते एवढंच: नाहूर नॉर्मल आहे. मग त्याला नीट सामावून घेऊ.

त्या शनिवारी मी निळा टूथब्रश आणला. जेवायला पाचवं ताट मांडायला लागले. झोपताना ‘नाहूर, पांघरूण आहे ना?’ असं विचारू लागले. लेक आधी बावरला, मग खूश झाला, एक-दोन दिवस तर माझ्या गळ्यातच पडला. मला भरून आलं. आणि मी काय करावं? फ्रिजवरच्या कागदाची नवी आवृत्ती काढली. तीत नाहूरचा रकाना होता.

नाहूर, दूध: झालं. नाहूर, अंघोळ: झाली, केसांसकट (मी त्याला केस दिले). ‘बघ, नाहूर कसा उजव्या हाताने जेवतोय.’ ‘नाहूरने भेंडी संपवली, तुझी अजून ताटात.’ नाहूरला अक्षर चांगलं आलं. नाहूर सहा पन्नासला हाक न मारता उठायला लागला. शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या नावापुढे मी ‘उत्तम’ लिहीत होते, रोज, आणि मला खरोखर वाटत होतं की आपण किती समजूतदार आई आहोत. अण्णा एकदा म्हणाले, ‘तू त्याला नोकरीला लावलंस.’ मला तो विनोद वाटला.

जानेवारीत एका रात्री पाचवं ताट मांडत होते. लेक म्हणाला, ‘नको वाढूस. तो गेला.’

‘कुठे?’

खांदे उडवले.

‘भांडलात का?’

‘नाही.’ भेंडीची एक चकती उचलून तिच्या मधल्या भोकांतून त्याने दिव्याकडे बघितलं, खाल्ली. ‘तो तुझंच ऐकायला लागला होता.’

आणि जेवत राहिला. उजव्या हाताने, शहाण्यासारखा.

अण्णा ताटावरून उठले, हात धुतले आणि बराच वेळ बाल्कनीत उभे होते. त्यांनाही काही तरी गेल्यासारखं झालं असणार. चिमटा त्या दिवसानंतर परत स्वयंपाकघरातच राहिला.

आता मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. सव्वीस जानेवारीच्या सुट्टीला मी लेकाला घेऊन नाहूरला गेले. मुलुंडहून एकच स्टेशन, पाच रुपयांचं तिकीट, बसेपर्यंत येतंसुद्धा. मी कॉलेजात होते तेव्हा हे स्टेशन नव्हतंच, भांडुप गेलं की मुलुंड. इतकी वर्षं येता-जाता पाहिलं होतं, पण पाय कधी ठेवला नव्हता. गोरेगाव-मुलुंड लिंक रोडचा पूल रुळांवरून आडवा गेलाय, त्याची सावली, बाकडी, एक कुत्रा झोपलेला. मला वाटत होतं लेक काही तरी करेल. इकडेतिकडे शोधेल, हाक मारेल. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते, पुन्हा तेच, टिपत. तो इंडिकेटर वाचत होता.

‘कोणाला भेटायचंय आपल्याला?’ त्याने विचारलं.

‘कोणाला नाही.’

‘मग वडापाव खाऊया?’

पुढची स्लो यायची होती तोवर बसलो. फास्टच्या रुळांवरून एक गाडी गेली. भोंगा, मग वारा, मग धूळ आणि वेफर्सचा एक रिकामा पुडा आमच्या पायांपाशी. लेकाने डबे मोजले, बारा. मी खिडक्यांकडे बघत होते. माणसं दिसलीच नाहीत, नुसता एक माणसांच्या रंगाचा पट्टा गेला. रोज त्या पट्ट्यात मी असते. तिथून हे बाकडं, हा कुत्रा दिसतो का, आठवायला लागले. नाही दिसत.

नाहूर परत आला नाही. दुसरा कोणीही आला नाही, निदान मला कळेल असा नाही. टूथब्रश काही महिने कपात उभा होता, नंतर मी त्याने चांदीची निरांजनं घासायला लागले. कागद फ्रिजवर राहिला, शेऱ्याचा रकाना तेवढा गेला. मी सुधारले असं समजू नका. अजून दप्तर उघडून बघते, वर्गातल्या मुलांची आडून चौकशी करते. पण ‘उजवा’ म्हणणं बंद केलं. तो आता डाव्या हाताने लिहितो, संभाजी मैदानावर डाव्या हाताने बोलिंग टाकतो, आणि आकाश खालून वर रंगवत असे तोवर रंगवत असे. मध्यंतरी विचारलं, नाहूर आठवतो का? म्हणाला, ‘थोडा.’ किती थोडा ते नाही सांगितलं.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले, पावसाळ्यात, चार दिवसांच्या तापाने. मागच्या सर्वपित्रीला त्यांचं पान ठेवायला लेक आणि मी गच्चीवर गेलो. मुलीने ठेवावं की नाही यावर एका काकांचं मत आलं होतं, ते फोनमध्येच ठेवलं. दुपारची महत्त्वाची मीटिंग होती. पावणेअकराच्या फास्टला पोचायचं असं मी गणित घातलेलं. पान कठड्यावर ठेवलं. वडे या वेळी छान फुगले होते.

कावळा येईना. कबुतरं आली, सहा-सात, घुमत. ती चालत नाहीत. लेक त्याची बॅट घेऊन त्यांना हुसकावत होता. दहा वाजून गेले. मी अण्णांना मनातल्या मनात एकेक कबूल करायला लागले. भावाशी नीट बोलेन. परळच्या खोलीचा विषय काढणार नाही. नातवाला त्रास देणार नाही. नळावरच्या कावळ्याने मान तिरकी करून ऐकलं आणि समोरच्या बिल्डिंगवर जाऊन बसला. दहा वीस. मी घड्याळ बघितलं, मग पुन्हा बघितलं.

‘आई,’ लेक म्हणाला. पाठमोराच होता, बॅट कबुतरांवर रोखलेली. ‘आजोबा स्लोने येतात.’

मी पर्स आणि डबा टाकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि शेजारी बसले. खालून गाडीचा भोंगा आला, लांबलेला. फास्ट होती की स्लो, गच्चीवरून कळत नाही.